पाय गरम, डोकं थंड

डेलियाचं बी पेरून काय उगवेल, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. आई लालभडक आणि पाकळ्यांनी गच्च भरलेली असते. तिच्या बियांतून फिकी जांभळी, पिवळी, एकेरी पाकळ्यांची, कुणी गुडघ्याएवढी तर कुणी छातीएवढी अशी नाना तऱ्हांची पोरं निघतात. कारण पेशीत दडलेलं आहे. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. एकूण 64 गुणसूत्रं. दर पिढीत त्यांची नव्याने फेरमांडणी होते, म्हणून बी पेरणं म्हणजे सोडत काढणं. नवी जात शोधणाऱ्याला ही सोडत हवीच असते. पण मनात भरलेलं फूल पुढच्या वर्षी जसंच्या तसं हवं असेल, तर बियांचा काडीचा उपयोग नाही.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात फ्रेड ट्रेसेडर नावाचे रोपवाटिकावाले होते. त्यांनी 1924 साली एक डेलिया बाजारात आणला. पानं काळपट तांबडी, फुलं शेंदरी झाक असलेली लाल. तिथल्या धर्मगुरूंच्या मानार्थ त्याचं नाव पडलं ‘बिशप ऑफ लँडाफ’. आज इंग्लंडमधल्या कुठल्याही बागेत हा ‘बिशप’ दिसला, तर तो त्या पहिल्या झाडाचा वंशज नसतो, त्याचाच तुकडा असतो. शंभर वर्षं तोच एक जीव कुणी ना कुणी तोडून, रुजवून, पुढच्या हाती देत आला आहे. हे तोडणं आणि रुजवणं नीट जमतं कसं आणि बिघडतं कुठे, याबद्दल हे प्रकरण आहे.

जमिनीखाली डेलियाचे कंद असतात, मग कंदच फोडून लावावेत, तोडातोडी कशाला, असं कुणालाही वाटेल. लावता येतात, पण एक अडचण आहे. बटाटा हा खोडाचा फुगलेला भाग, त्यामुळे त्याच्या अंगभर डोळे असतात आणि डोळा असलेली फोड लावली की कोंब येतो. डेलियाचा कंद हे फुगलेलं मूळ आहे. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते फक्त मानेपाशी, जुन्या खोडाच्या बुंध्याला कंद जिथे चिकटलेले असतात तिथे. मानेचा तुकडा न घेता तोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी तो जमिनीत महिनोन् महिने पडून राहील, इनुलिन या साठवलेल्या कर्बोदकावर जिवंतही राहील, त्याला बारीक मुळ्यासुद्धा फुटतील, पण कोंब कधीच येणार नाही. म्हणून कंदांचा एक गड्डा फोडून फार तर चार-पाच रोपं मिळतात. त्याच गड्ड्याला कोंब फुटू देऊन ते कापून रुजवले, तर कापल्या जागी पुन्हा कोंब येतात, ते पुन्हा कापता येतात आणि वसंत संपेपर्यंत एका आईची कितीतरी रोपं हातात येतात.

ब्रिटनमध्ये प्रदर्शनासाठी डेलिया लावणाऱ्यांची एक जमातच आहे. तिथली नॅशनल डेलिया सोसायटी 1881 साली स्थापन झाली. या मंडळींचं फुलांच्या मापाचं शास्त्र मोठं कडक: ‘जायंट’ गटातलं फूल 250 मिलिमीटरपेक्षा रुंद हवं, आणि चेंडूसारखं गोल पॉमपॉन जेमतेम 50 मिलिमीटरच्या आसपास, त्याहून मोठं झालं की बाद. मोजायला कड्या असतात. पॉमपॉन कडीतून पार जायला हवं. बायकामुलांपेक्षा डेलियाला जास्त वेळ देतात म्हणून त्यांची थट्टाही होते. ही माणसं जुना गड्डा सहसा तसाच्या तसा पुन्हा जमिनीत लावत नाहीत. गड्डा ही नुसती आई. बागेत जातात ती दरवर्षी कापून रुजवलेली कोवळी रोपं. त्यांच्या अनुभवाने अशा रोपाची वाढ एकसारखी आणि जोमदार होते, आणि फूल मापात आणणं सोपं जातं.

अडचण एकच, हवामानाची. रोप मे महिन्याच्या अखेरीला जमिनीत जायला हवं असेल तर कोंब फेब्रुवारी-मार्चमध्ये कापावा लागतो, आणि त्या दिवसांत इंग्लंडमधल्या न तापवलेल्या काचघरात रात्री पाणी गोठतं. इथे हीटेड प्रोपगेटर येतो. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे: खाली विजेवर तापणारा तळ, त्यावर ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि झाकणाला हवा खेळायला झडपा. आपण तिला गरम पेटी म्हणू. वीज यायच्या आधी हेच काम घोड्यांच्या ताज्या लिदीकडून करून घेत. लीद आणि पेंढा रचून ढीग लावायचा, तो आतून तापला की वर मातीचा थर आणि काचेची चौकट ठेवायची. लीद पहिल्या दिवसांत इतकी तापते की मुळं शिजतील, म्हणून तो भर ओसरेपर्यंत थांबावं लागे. आणि ओसरू लागली की हातचं राखून न ठेवता गारच होऊन जाई. त्या मानाने विजेची पेटी फार गुणी. वीसेक वॉटची छोटी पेटी दिवसरात्र चालली तरी दिवसाला अर्धं युनिटसुद्धा खात नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पेटी हातात आली की माणूस तिला भट्टी समजतो. ऊब चांगली, मग जास्त ऊब अधिक चांगली, झाकण घट्ट असलं तर आणखी चांगलं, अशी मनाची चढती भाजणी सुरू होते, आणि आठवड्याभराने झाकण उघडावं तर आत राखाडी बुरशी आणि काळे पडलेले देठ. डेलियाच्या बाबतीत ही चूक युरोपने अगदी सुरुवातीलाच केली होती.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस 1570च्या दशकात मेक्सिकोत वनस्पतींची पाहणी करत होता. त्याने या झाडाची नोंद केली. त्यानंतर दोन शतकांनी, 1789 साली, मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून माद्रिदला आंतोनियो होसे काव्हानियेस यांच्याकडे ते पोचलं, आणि 1791 मध्ये त्यांनी नुकत्याच वारलेल्या आंदेर्स दाल या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आलेली झाडं टिकली नाहीत. 1804 साली लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून बी पाठवलं तेव्हा कुठे लंडनच्या हॉलंड हाऊसमध्ये त्याने मूळ धरलं. मेक्सिको म्हणजे उष्ण देश, असा हिशेब करून सुरुवातीच्या माळ्यांनी त्याला तापवलेल्या काचघरात कोंडलं होतं. पण रानातला डेलिया राहतो दीड-दोन हजार मीटर उंचीवर आणि त्याहूनही वर. तिथे दिवसा ऊन कडक असलं तरी रात्र गार असते. हे झाड उकाड्याचं नव्हेच.

आपल्याकडे जुनी माणसं तब्येतीबद्दल सांगायची, डोकं थंड, पोट नरम, पाय गरम. डेलियाच्या कापलेल्या कोंबाला हाच नियम शब्दशः लागू पडतो. बुडाशी 18 ते 20 अंश सेल्सियस आणि पानांभोवती 10 ते 15 अंश, ही त्याची आवडती स्थिती. का, ते समजून घेतलं तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी न सांगता कळतात.

कापलेला कोंब हा विचित्र अवस्थेतला जीव असतो. पानं आहेत, म्हणून पाणी उडतंय; मुळं नाहीत, म्हणून पाणी ओढता येत नाही. देठाच्या कापल्या टोकातून थोडं वर चढतं, तेवढ्यावर गुजराण. हवा जितकी गरम आणि कोरडी तितकं पानांतून पाणी जास्त उडणार. शिवाय हवा गरम असली की शेंडा वाढायला बघतो, आणि मुळांसाठी लागणारी पुंजी तिथे खर्ची पडते. उलट बुडाशी ऊब असेल तर कापल्या जागेच्या पेशी भराभर विभागतात आणि जखम बुजते. मग पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या आसपासच्या काही पेशी आपलं जुनं काम टाकून मुळं बनवायच्या कामाला लागतात. हुकूम येतो वरून, शेंड्याकडून. शेंडा आणि कोवळी पानं ऑक्झिन हे संप्रेरक तयार करतात, ते देठातून खाली उतरत जातं आणि कापल्या टोकाशी साचतं. साचलं की मुळं. शेंडा खुडून कोंब रुजवायचा प्रयत्न का अंगलट येतो, ते यावरून ध्यानात येईल.

पण उबेला मुळं आणि बुरशी यांत फरक करता येत नाही. ती दोघांनाही घाई करते. पेटीत खरी शर्यत या दोघांमध्येच असते. मुळं आधी आली तर रोप, बुरशी आधी आली तर चिखल. बाकी सगळी काळजी, म्हणजे कोंब कधी तोडायचा, माती कशी हवी, झाकण किती उघडायचं, ही मुळांना थोडी आघाडी मिळवून देण्यासाठी असते.

सुरुवात जानेवारीच्या अखेरीस होते. पहिल्या दहिवराने पानं काळी पडल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गड्डे उपटून कोरड्या आणि न गोठणाऱ्या जागी ठेवलेले असतात. ते बाहेर काढायचे, सडलेले कंद कापून टाकायचे आणि उथळ ट्रेमध्ये ओलसर कंपोस्टवर बसवायचे. मान मात्र उघडी ठेवायची. मान पुरली तर पाणी साचून डोळेच सडतात. उजेड भरपूर, ऊब बेताची. दोन-तीन आठवड्यांत मानेभोवती गुलाबी-हिरवे कोंब डोकी वर काढतात. जायंट जातींना वाढीला वेळ लागतो म्हणून त्यांना आधी उठवतात. पॉमपॉन आणि छोट्या फुलांच्या जाती मार्च-एप्रिलमध्ये कापल्या तरी त्यांना उशीर होत नाही.

कोंब सात-आठ सेंटिमीटरचा झाला, पानांच्या दोन-तीन जोड्या उघडल्या, की कापायचा. याहून लांब होऊ देऊ नये. कारण डोळ्यांनी बघता येतं. कोवळा कोंब आडवा कापून टोक उजेडात धरा: बाहेर हिरवं कडं, आत पांढरा गच्च गाभा, आणि कापलेल्या जागी पाण्याचा बारीक थेंब चमकताना दिसेल. तोच कोंब बोटभर जास्त वाढला की गाभा विरत जातो आणि देठ आतून पोकळ होतो. पोकळ देठाच्या नळीत पाणी शिरतं, बुरशी शिरते, आणि मुळं फुटायला पुरेसं मांसच उरत नाही. नवशिके थोडा मोठा होऊ दे म्हणून थांबतात आणि तिथेच अर्धी लढाई हरतात. कापताना देठ पोकळ निघाला तर तो टाकून द्यावा, त्याच्यावर पेटीतली जागा घालवू नये.

कुठे कापायचं, याबद्दल दोन मतं आहेत. काहीजण कंदाचा पातळ पापुद्रा घेऊन कोंब काढतात. तो लवकर रुजतो यात शंका नाही, पण त्या जागचा डोळा कायमचा गेला. दुसरे कंदापासून अर्धा सेंटिमीटरभर खुंट ठेवून वर कापतात. त्या खुंटाच्या बुडाशी निजलेले डोळे असतात. दहा-पंधरा दिवसांत एकाच्या जागी दोन कोंब येतात. जात दुर्मीळ असेल आणि रोपं जास्त हवी असतील तर दुसरी रीत सरस. मला ती एरवीही सरस वाटते, पापुद्र्याची घाई अनेकदा आईच्या जिवावर उठते.

मग तो कोंब ओट्यावर ठेवून नीट तासायचा. खालची पानांची जोडी काढायची आणि ती जोडी जिथे फुटली होती त्या पेराच्या अगदी खाली, धारदार ब्लेडने एका झटक्यात कापायचं. पेर मातीत जाणं महत्त्वाचं आहे. मुळं पेराशी जास्त येतात, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे, पेराशी असलेले डोळेच पुढे नव्या कंदाच्या मानेवरचे डोळे होतात. पेर न पुरता दोन पेरांच्या मधला गुळगुळीत देठ पुरला तरी तो रुजेल, उन्हाळाभर फुलंही देईल, पण हिवाळ्यात निघणारा गड्डा बिनडोळ्यांचा असण्याचा धोका असतो. फसगत झाली हे त्या बागवानाला वर्षभराने कळतं. वरची मोठी पानं असतील तर त्यांचे शेंडे अर्ध्यावर कापावेत. पाणी उडायला जागा कमी.

ब्लेड दर झाडानंतर स्पिरिटने पुसावं किंवा ज्योतीवरून फिरवावं. डेलियात विषाणूंचे रोग फार. पानांवर पिवळट ठिपक्यांची नक्षी आणि शिरांच्या कडेने फिकट पट्टे दिसले, झाड खुजं राहिलं, की त्या झाडाची कलमं घेऊच नयेत. विषाणू मावा पसरवतो हे खरं, पण कलमातून तो हमखास पुढे जातो, कारण कलम म्हणजे तेच झाड. जे गुण जसेच्या तसे मिळतात त्याच वाटेने दुखणंही मिळतं.

रूटिंग पावडरीबद्दल बोललंच पाहिजे, कारण लोकांचा तिच्यावर नको इतका विश्वास आहे. 1935 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेतल्या संशोधकांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिड हे कृत्रिम ऑक्झिन मुळं फोडण्यात फार प्रभावी असल्याचं दाखवलं, आणि तेव्हापासून त्याच्या भुकट्या डब्यांत भरून विकल्या जातात. अवघड, लाकडी झाडांना या पावडरीचा फायदा मोठा. डेलिया मुळातच रुजायला तयार असतो. पावडरीने मुळं थोडी लवकर आणि थोडी जास्त येतात, इतकंच. टोक नुसतं टेकवायचं आणि जास्तीची पावडर टिचकीने झाडून टाकायची. जाड लेप दिला तर देठाचं टोक करपतं आणि काळ्या पडलेल्या भागातून सड वर चढते.

माती हा शब्द मी सवयीने वापरतो आहे, पण बागेतली माती इथे नको. निम्मं कोकोपीट किंवा बारीक चाळलेलं कंपोस्ट, निम्मं परलाइट किंवा जाड वाळू. वेगळं खत नको, कोंबाला सध्या जेवायला तोंडच नाही. मिश्रण ओलं, पण मुठीत दाबलं तर पाण्याची धार लागू नये. दाबून बसवायचंही नाही, कुंडी एकदा ओट्यावर आपटली की पुरे. मुळं फुटताना प्राणवायू लागतो, आणि ऊब वाढली की त्याची गरज वाढते, तर गरम पाण्यात मात्र तो कमी विरघळतो. म्हणजे गार चिखलापेक्षा कोमट चिखल वाईट. कोंब कुंडीच्या मध्यावर न लावता कडेला लावण्याची जुन्या माळ्यांची सवय याच कारणाने पटते, कारण कडेला हवा जास्त खेळते. काडीने भोक पाडायचं, कोंब त्यात अलगद सोडायचा, भोवतीचं मिश्रण टेकवायचं. कोंबच दाबून घुसवला तर टोक ठेचतं, पावडर वरच राहते.

पेटीत ट्रे ठेवण्याआधी तळावर ओल्या वाळूचा थर पसरावा. नुसत्या तापत्या तळावर कुंडी ठेवली तर जिथे टेकते तिथे तापते आणि बाकी गार राहते. ओली वाळू ऊब सगळीकडे सारखी पोचवते. मग येतो तापमानाचा प्रश्न. स्वस्त पेट्यांना थर्मोस्टॅट नसतो. त्या ठरावीक शक्तीने तापत राहतात आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा अमुक इतके अंश चढवतात, बस्स. काचघरात रात्री 3 अंश असतील तर आत बारा-तेरा होतील. तीच पेटी दुपारच्या उन्हात सापडली तर तीस ओलांडेल. दोन्ही वाईट, दुसरं जास्त. थर्मोस्टॅट असेल तर त्याचं टोक हवेत लोंबकळत ठेवू नये. ते वाळूत, कोंबांच्या बुडाच्या पातळीला पुरावं. मोजायचं आहे ते पायांचं तापमान.

ब्रिटनमध्ये राहणारी आपली मंडळी काचघर नसल्यामुळे पेटी हमखास रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवतात. सोय दिसते, पण तिथे रेडिएटर संध्याकाळी पेटतो आणि रात्री बंद होतो. खालून कोरडी गरम हवा, काचेतून झिरपणारी थंडी. कोंबाचं डोकं संध्याकाळी तापतं आणि रात्री गारठतं. रेडिएटरपासून दूर, उजेडाच्या गार खोलीत ठेवलेली पेटी कितीतरी बरी.

पहिले दोन-तीन दिवस कोंब माना टाकतात. घाबरून पाणी ओतू नये. पानांवर बारीक फवारा, झाकण लावलेलं आणि ऊन लागत असेल तर वरून वर्तमानपत्र. बहुतेक कोंब रात्रीतून सावरतात. त्यानंतर रोज सकाळी झाकण काढावं. त्याच्या आतल्या बाजूला दवाचे टपोरे थेंब जमलेले असतात. ते फडक्याने पुसून टाकावेत, कारण हेच थेंब पानांच्या बेचक्यात पडतात आणि तिथूनच राखाडी बुरशी सुरू होते. पिवळं पडलेलं, चिकटलेलं पान दिसलं की लगेच उचलावं. पाच-दहा मिनिटं हवा लागू द्यावी, आठवड्यानंतर झडपा उघड्याच ठेवाव्यात. ज्या पेटीतली हवा रोज बदलते त्या पेटीत बुरशीनाशकाची गरज क्वचितच पडते.

उजेडाची बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डेलिया दिवसाची लांबी मोजतो. दिवस साधारण बारा तासांपेक्षा लहान झाला की त्याला वाटतं हिवाळा आला. शेंड्याची वाढ मंदावते आणि माल कंदात भरायला सुरुवात होते. लंडनमध्ये फेब्रुवारीच्या मध्याला दिवस जेमतेम दहा तासांचा असतो आणि बारा तासांचा व्हायला मार्चचा तिसरा आठवडा उजाडतो. फेब्रुवारीत कापलेले काही कोंब मुळं फुटूनही महिनाभर ढिम्म बसतात आणि मार्चअखेर कापलेले त्यांना गाठतात, त्याचं रहस्य हे. पेटीवर साधा एलईडी दिवा लावून उजेड चौदा तासांपर्यंत नेला, की फेब्रुवारीचे कोंबही हलतात. दिवा लावायचा नसेल तर मार्च उजाडेपर्यंत थांबावं; कॅलेंडरशी भांडण्यात अर्थ नाही.

दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. वर खूण दिसते ती शेंड्याच्या रंगात: मंद, किंचित निस्तेज हिरवा असलेला शेंडा ताजा पोपटी होतो आणि नवं पान उलगडायला लागतं. अलगद ओढून बघण्याचा मोह होतो. एकदा बघा, हलका विरोध जाणवला की सोडून द्या, रोज ओढून मुळं तोडू नका. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की शंका उरत नाही. मग पेटीचं काम संपलं. इथेही लोक रेंगाळतात. मुळं आलेलं रोप उबेत ठेवलं तर लांबुडकं आणि लेचंपेचं होतं. त्याला नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत, आता खत असलेल्या मातीत हलवावं आणि दहाएक अंशाच्या गार, उजेडाच्या जागी ठेवावं. एप्रिल-मेमध्ये दिवसा बाहेर, रात्री आत असं करत हवा सोसायची सवय लावायची. दक्षिण इंग्लंडमध्ये मेच्या अखेरीला आणि स्कॉटलंडकडे जूनमध्ये, दहिवराची भीती गेली की रोप जमिनीत.

महाराष्ट्रात या पेटीची गरज नाही. आपल्याकडे डेलिया हिवाळ्याचं फूल. पावसाचा जोर ओसरला की कोंब कापतात आणि थंडीत कुंड्या फुलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्यातली माती बुडाला हवी तेवढी ऊब आपणहून देते. आपली अडचण नेमकी दुसऱ्या टोकाची आहे, डोकं थंड ठेवण्याची. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकची पिशवी घालून ठेवलेली कुंडी दुपारपर्यंत आतून शिजते. तिथे सावलीचं जाळं, मातीची कुंडी, दिवसातून दोन-तीनदा फवारा आणि पिशवीला भरपूर भोकं एवढं पुरतं. हॉर्टिकल्चरच्या दुकानात मिळणारी महागडी हीटिंग मॅट पुण्या-नाशिककरांनी डेलियासाठी घेऊ नये, पैसे वाया जातील.

थंड मुलखात राहत असाल आणि पेटी घ्यायचीच असेल, तर आकार लहान चालेल, झाकण साधं चालेल, पावडरीची डबी नसली तरी चालेल. थर्मोस्टॅट असलेलीच घ्या, आणि त्याच्यावरही विसंबून न राहता वाळूत खुपसायला एक साधा थर्मामीटर आणा. पहिल्या रात्री आणि पहिल्या दुपारी त्यावर काय दिसतं ते पाहून मगच कोंबाला ब्लेड लावा.